आत्याबाईचे शेरे

२ डिसेंबर १९८७, बुधवार

कंपनीच्या वाटून उरलेल्या डायऱ्यांतली एक विमलबाईंनी आज माझ्या पिशवीत कोंबली. "वर्ष संपत आलं, आता हिला कोण विचारतंय, तूच घे आवडी," म्हणाल्या. विमलबाई आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आकडे भरतात आणि बाकीचा वेळ माझी थट्टा करतात. अकरा महिन्यांची पानं कोरीच राहणार, पण फुकटच्या बैलाचे दात मोजू नयेत.

काय लिहावं? आज आत्याबाईबद्दलच लिहिते.

आमच्या कुंभिवलीपासून दोन मैलांवरच्या या कागदाच्या कारखान्यात थंडगार अशी एकच खोली आहे, ती आमची. चपला बाहेर काढून आत जायचं. आम्ही थंडीनं काकडतोय की नाही हे बघायला लोक उगाच काचेतून डोकावतात. माझं काम प्रोग्राम तपासण्याचं. त्यासाठी मुंबईहून एक फ्लॉपी आली आहे. ती घातली की यंत्र आपला प्रोग्राम ओळ न् ओळ वाचतं आणि जिथं संशय येईल तिथं इंग्रजीत शेरा मारतं. शेरे दोन जातींचे. एक 'चूक'. चूक असली तर गाडी पुढं जात नाही. दुसरी 'सूचना'. सूचनेनं काही अडत नाही, ती नुसती कुरकुर. एखादी आत्याबाई लग्नात येऊन भाताला मीठ कमी, नवरीचा पदर वाकडा असं म्हणत फिरते, पण लग्न काही थांबवत नाही, तसं. म्हणून आम्ही त्या फ्लॉपीचं नावच आत्याबाई ठेवलं.

आमचे दिघेसाहेब स्वभावानं देवमाणूस. त्यांचा नियम सोपा आहे: शेवटची ओळ बघायची. पडद्यावर शेरे झरझर वर पळून जातात आणि शेवटी एकच ओळ उरते. तिथं 'चुका शून्य' असलं की झालं. शेरे छापलेल्या कागदांचा गठ्ठा कँटीनला जातो आणि त्यात भजी बांधतात. अख्ख्या कारखान्यानं आत्याबाईची कुरकुर तेलासकट खाल्ली आहे.

९ डिसेंबर

दिघेसाहेबांनी बोलावून घेतलं. पुण्याच्या मोठ्या ऑफिसात सहा महिन्यांचं शिक्षण आहे, एकालाच पाठवायचंय, आणि ते माझं नाव धाडणार आहेत. "घरी विचारून सांग. जानेवारीअखेर नाव पक्कं करायचंय."

मी 'बरं' म्हटलं आणि बाहेर येऊन विमलबाईंचा हात एवढ्या जोरानं दाबला की त्यांची बांगडी वाढली.

आईचं काही नाही, ती आबांकडं बोट दाखवील. प्रश्न आबांचाच. जनीताई लग्न होऊन कोंडाण्याला गेली, आता घरात मी एकटी. मीही गेले तर दोघं म्हातारी एकमेकांची तोंडं बघत बसतील. पण आबांनीच मला शिकवलं. सगळी भावकी नाही म्हणत असताना कॉलेजात घातलं.

१३ डिसेंबर, रविवार

विचारलं.

आबा खळ्यावर पेंढ्याची उडवी रचत होते, माझ्याकडं पाठ करून. तोंडाकडं बघून माझ्यानं बोलवलं नसतं, म्हणून पाठीमागूनच बोलले. सगळं नीट सांगितलं. पुणं, सहा महिने, मुलींचं वसतिगृह, जेवणखाण. शेवटी म्हटलं, "आबा, मी जाऊ का?"

आबांनी दोन पेंढ्या रचल्या, हात झटकले आणि माझ्याकडं न बघता चांद्या बैलाला पाणी दाखवायला निघून गेले.

नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ओरडले असते तरी चाललं असतं. आबांनी आयुष्यात असं मुकाट उत्तर मला कधी दिलं नव्हतं. पाणवठ्यावर जाऊन रडून आले. आता डोकं दुखतंय.

१७ डिसेंबर

आबा संध्याकाळी रेडिओच्या बातम्या लावतात, हल्ली अशा मोठ्यानं की पलीकडच्या आळीनं वेगळा रेडिओ घ्यायला नको. आज मी जवळ जाऊन "आबा, ते पुण्याचं..." एवढंच म्हटलं, तर त्यांनी हात पुढं करून आवाज आणखी वाढवला. आई चुलीपुढून ओरडली, "अवं, कान फुटतील आमचं!" तरी ढिम्म.

कळलं मला. विषय नको आहे. मी पण त्यांचीच लेक आहे, पुन्हा काढणार नाही.

२२ डिसेंबर

गेटवर ठकी भेटली. डोंगराकडच्या ठाकरवाडीतून आठ-दहा बायका चिंध्या निवडायला येतात, त्यांच्यातली ही जुनी. चिंध्या निवडण्याचा विभाग दिवाळीनंतर वेगळा केला, तो दहावा. दर सोमवारी पाळ्यांची यादी गेटवर लागते, ती आमचाच प्रोग्राम छापतो.

"बाय, यादीत आमची नावंच नाय म्हंतो गेटवाला. इतकी वाट तुडवून येतो न् तसंच परत जातो. कोनाचं काय बिघडवलं आमी?"

मी टाइमऑफिसात विचारलं. ते म्हणाले, बायकांनीच खाडे केले असतील. गेटवाला म्हणाला, टाइमऑफिस घोळ घालतं. प्रत्येकाकडं एकेक कारण तयार. मी प्रोग्रामची शेवटची ओळ पाहिली. चुका शून्य.

२९ डिसेंबर

आज सुट्टी टाकली होती, घरीच होते. बाराचा भोंगा झाला तरी आबा शेतातून आले नाहीत. आई ताट झाकून बसली. उन्हं कलल्यावर आले आणि वर आईलाच म्हणाले, "आज भोंगा झाला नाय. बंद केला काय कंपनीनं?"

भोंगा इतका झाला की आमच्या कौलांवरचे कावळे उडाले. आबा मुद्दाम बोलले, मला ऐकवायला. माझी कंपनी, माझा भोंगा, म्हणून तो त्यांच्या लेखी बंदच! म्हाताऱ्यांचा राग किती लांबचा वळसा घेऊन येतो.

पूर्वी भोंग्याच्या आधी मी भाकरी घेऊन निघायचे. रस्त्यावरूनच हाळी द्यायची, "आबाऽऽ!" की ते बांधावरून तोंडाला हात लावून हाळी घालायचे, ती नदीपलीकडं जायची. आबांच्या हाळीला गावात तोड नाही. लोक म्हणायचे, बुधाजीनं लेकीला हाक मारली, चला आपण पण जेवू. ते सगळं आठवून आज वाईट वाटलं.

५ जानेवारी १९८८

सकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी होते. आबा चांद्याला घेऊन हायवे ओलांडत होते. चांद्या एकटाच उरलाय. जोडीदार गेला तेव्हापासून आबा त्याला माणसासारखं सोबत घेऊन हिंडतात. घाटाकडून ट्रक आला, हॉर्नवर हॉर्न, आणि आबा आपले रस्त्याच्या मधोमध, शांत. मी किंचाळले. चांद्यानंच कासरा ओढून पुढं उडी घेतली, त्याच्यामागं आबा फरफटले आणि वाचले. ट्रकवाल्यानं आईबापाचा उद्धार केला. आबांनी त्याच्याकडं बघून हात जोडले.

माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डोक्यात एवढं काय घेऊन चालतात? माझं पुण्याला जाणंच घेऊन चालत असणार. माझ्यापायी त्यांचं रस्त्यावर लक्ष राहिलं नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर पुणं काय चाटायचंय?

दुपारी दिघेसाहेबांना सांगून टाकलं, घरून परवानगी नाही. ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत मी नाव खोडत नाही." विमलबाईंनी डबा उघडून माझ्यापुढं सरकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा थट्टा केली नाही.

१३ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहिते.

ठकी आणि तिच्याबरोबरच्या बायका आज थेट दिघेसाहेबांच्या दारात येऊन बसल्या. साहेबांनी मला सांगितलं, काय ते शोध. मी दुपारपर्यंत पडद्यापुढं बसून डोळे फोडून घेतले. शेवटी विमलबाई भजी घेऊन आल्या. "खा आधी. उपाशीपोटी देव सापडत नाही, तर तुझी चूक काय सापडणार?"

भजी संपली. तेलकट कागद चुरगळून टाकणार, तर त्यावर आमच्याच प्रोग्रामचं नाव. आत्याबाईचे शेरे! आणि गठ्ठ्याचं पहिलं पान. मी पहिलं पान कधी पाहिलंच नव्हतं, कारण पडद्यावर ते आधीच पळून गेलेलं असतं आणि कागदावर कोण बघतो? पहिला शेरा असा होता: विभागाच्या क्रमांकाला एकाच आकड्याची जागा ठेवली आहे, मोठा क्रमांक आला तर डावीकडचा आकडा गळून पडेल.

दहातला एक गळला की शून्य. शून्य नावाचा विभागच नाही. म्हणून ठकीचं नाव नाही, जिजाचं नाही, कुणाचंच नाही.

धावत जाऊन सगळा गठ्ठा नवा छापून घेतला आणि वरून वाचत गेले. पानंच्या पानं सूचना. हजेरीत संशय, पाळीत संशय, यादीत संशय. प्रत्येक ठिकाणचं गाऱ्हाणं निराळं, पण सगळी त्या पहिल्या शेऱ्याची पोरंबाळं. वरच्या एका ठिकाणी दोन आकड्यांची जागा केली, पुन्हा तपासायला घातलं. आत्याबाईनं सगळी पानं गिळली आणि गप्प बसली. विमलबाई म्हणाल्या, "अगं, बिचारी पहिल्यापासून तेच तर सांगत होती."

दिघेसाहेबांनी कागद दोनदा वाचला, कपाळावर हात मारून घेतला आणि मग स्वतः गेटवर जाऊन यादीच्या खाली पेनानं सगळ्या बायकांची नावं लिहिली. ठकी जाताना मला म्हणाली, "आमी वाडीत म्हनत हुतो, देवी कोपली." तिच्याकडं पण एक कारण होतंच.

संक्रांतीचा दिवस

कारखान्यात तिळगूळ वाटला. त्यातले दोन लाडू आबांसाठी रुमालात बांधून आणले. मनात म्हटलं, सणाचा दिवस आहे, अबोला आपणच सोडावा. पुण्याचं नाव काढायचं नाही, नुसतं गोड बोलायचं. फाट्यावर उतरले तर आबा आमच्या वालाच्या शेतात वाकलेले, रस्त्याकडं पाठ. शेजारी चांद्या चरत होता. बऱ्याच वर्षांनी मी रस्त्यावरूनच हाळी दिली. अगदी पोटातून, "आबाऽऽ!"

चांद्यानं मान वर केली आणि वळून माझ्याकडं पाहिलं.

आबा तण उपटत होते. आणखी एक रोप, आणखी एक. मग त्यांची नजर चांद्यावर गेली. तो बघतोय तिकडं त्यांनी पाहिलं, तेव्हा मी दिसले. तोंडभर हसले.

मी जागच्या जागी उभी राहिले. काल दिवसभर त्या शेऱ्यांशी तेच तर केलं होतं, म्हणून कळलं असेल. खळ्यावरचं मुकाट उत्तर, रेडिओ, भोंगा, तो ट्रक. प्रत्येकाला मी निराळं कारण चिकटवलं होतं, आणि प्रत्येक कारणात मीच ठाण मांडून बसले होते. माझ्यावरचा राग, माझी कंपनी, माझं पुणं. आबांना ऐकू येत नव्हतं. एवढंच होतं सगळं.

धावत गेले, समोर उभी राहिले आणि रडायलाच लागले. आबा घाबरले. "काय झालं गं? हापिसात कोन बोललं काय तुला?"

"आबा, तुमाला ऐकाय येत नाय?" मी तोंडापुढं तोंड नेऊन ओरडले.

"येतं की! आता कसं सपष्ट बोललीस." मग रुमालातला लाडू हातात घेऊन, जरा लाजत म्हणाले, "तू हापिसात जायला लागल्यापास्नं लय बारीक बोलतेस गं. साहेबलोकांत तसंच बोलत्यात, मला ठावं हाय. मीच शेजारच्या पदूला सांगितलं, आमची आवडी आता मोठ्यानं बोलत नाय, सुदरली. तुला मोठ्यानं बोल म्हनावं, तर म्हनशील बाप गावंढळ."

"आन् आई?"

"ती तुजंच बघून शिकली."

"आन् भोंगा?"

"तो बंदच हाय न्हवं?"

हसू की रडू कळेना. महिनाभर मी समजत होते, आबा माझ्यावर रागावून गप्प आहेत. त्याच्याही आधीपासून आबा समजत होते, लेक शहाणी होऊन हळू बोलायला लागली. कौतुकच करत होते माझं! मी दिलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती आणि त्याचाही त्यांनी माझा मोठेपणा केला.

तिथंच बांधावर बसून पुन्हा विचारलं. समोरून, एकेक शब्द सुटा करून. आबा माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते.

"पुन्याला? कदी इचारलंस?"

"खळ्यावर. तुमी काईच बोलला नाय."

"आगं माझे बाय," एवढंच म्हणाले. मग मातीचा हात धोतराला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

१९ जानेवारी

आबांना घेऊन खोपोलीला डॉक्टरांकडं गेले. मळ वगैरे नाही, कानाची शीरच थकली आहे. यंत्र मिळतं, पण ते पुण्यात. आबा घरी येताना म्हणाले, "कानात यंत्र नको. त्यात तुजी ती आत्याबाय बसली न् दिसभर बोलाय लागली तर?" मी त्यांना शेऱ्यांची सगळी गोष्ट सांगितली होती ना. आता समोर बसून सांगितलं की त्यांना सगळं कळतं.

मी म्हटलं, मी पुण्याला जात नाही. हायवे आहे, ट्रक आहेत, आईला एकटीला कसं जमायचं?

आबा चिडले. खरंखुरं चिडले, आणि मला इतकं बरं वाटलं! "तू हितं बसून काय माझं कान हुनार हायेस? चांद्या हाय मला. त्यानं मान वळवली का मी वळतो. त्यानं पाय थांबवला का मी थांबतो. कवाचं चाललंय आमचं." म्हणजे आबांना मनातून माहीत होतं. आपल्याला कमी ऐकू येतं हे नव्हे. पण चांद्याकडं बघितलं की बरं पडतं, एवढं माहीत होतं. खोलात ते गेलेच नाहीत. मी तरी कुठं गेले होते?

आईनं मध्येच सांगून टाकलं, "हायवे मी वलांडून देईन त्येस्नी. लग्नात धरला तसा हात धरून." आबांना हे बरोबर ऐकू आलं.

२४ जानेवारी, रविवार

शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्डीचा पाला, भोवती जाळ. जनीताई आली, विमलबाई खोपोलीहून आल्या. आबांच्या समोर बसून सगळे मोठ्यानं बोलत होते, त्यामुळं भांडण लागल्यासारखा गलका झाला. विमलबाई ओरडून म्हणाल्या, "आबा, पोरीला पाठवताय ना पुण्याला?" आबा म्हणाले, "मी कवाच पाठवली. तिलाच ऐकाय आलं नाय."

उद्या दिघेसाहेबांना सांगते. नाव खोडलेलं नाही म्हणाले होते, तरी धाकधूक आहेच.

१ फेब्रुवारी, पुणे

वसतिगृहाची खोली. तिघीजणी आहोत. बाकीच्या दोघी झोपायच्या आत लिहून घेते.

आबा मला पोचवायला आले नाहीत. कालच म्हणाले, "स्टँडवरच्या गलबल्यात मला काय कळनार? तू म्हनशील येक, मी मान हलवीन भलतीकडं. मी आपला शेतात ऱ्हाईन. गाडी तिथनंच जानार हाय." बसायला जागा मिळावी म्हणून मी खालापूरहून चढले. आई खिडकीपाशी उभी राहून बोलली ते सगळं जेवणाबद्दल होतं. गाडी सुटताना मात्र तिनं पदर तोंडात धरला.

कुंभिवलीच्या फाट्यावर दोन माणसं चढायची होती म्हणून गाडी थांबली. आमच्या शेतात आबा उभे होते, पण पाठमोरे. कुठल्या गाडीत मी आहे ते त्यांना कसं कळावं? सकाळपासून किती गाड्या गेल्या असतील आणि ते किती वेळा वळून दमले असतील. कंडक्टरचा हात घंटेच्या दोरीवर गेला.

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि हाळी दिली. "आबाऽऽ!" आतली माणसं दचकली. पुढचा एक पँटशर्टवाला माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी गाडीत बकरी आणली. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, कोन ऱ्हायलं काय?"

चांद्यानं मान वर केली. गाडीकडं वळवली. आबांनी चांद्याकडं पाहिलं आणि मग ते वळले, थेट माझ्याच खिडकीकडं. तोंडाला दोन्ही हात लावून त्यांनी हाळी घातली. त्यांना ती ऐकू आली की नाही कोण जाणे. मला आली. साऱ्या गाडीला ऐकू आली.

"माझे वडील आहेत," मी कंडक्टरला म्हटलं, चांगलं मोठ्यानं. त्यानं घंटा मारली.